धुऊन-पुसून ठेवलेली टाकी

देओलिंडा दुत्राच्या घरी पाहुणा येणार म्हटलं की आधी बादली यायची, मग पाहुणा. पाद्री येवो, विमावाला येवो, नाहीतर मीटर बघणारा; त्याच्या नजरेला नुकताच पुसलेला ओला जिना पडलाच पाहिजे. तिचा नवरा एव्हारिस्तो असताना म्हणायचा, "हिच्या घरात चोर शिरला तर त्यालाबी ही म्हनंल, दारातच थांब बाबा, फरशी वाळू दे."

हे वेड तिनं पोर्तुगालच्या फायाल बेटावरून आणलेलं. ती लहान असताना किनाऱ्याजवळ समुद्रातून ज्वालामुखी उठला आणि गावावर महिनोन्महिने राख पडत राहिली. छपरं बसली, मका गाडला गेला. तरी तिची आई रोज सकाळी उंबरा झाडायची. दुपारपर्यंत तेवढीच राख पुन्हा. पुन्हा झाडू. शेवटी अमेरिकेला जायचे कागद झाले आणि निघायच्या दिवशी सगळे गाडीत बसले, तरी आई उंबरा झाडत होती. थोरली बहीण हर्मिनिया म्हाताऱ्या आजीला सांभाळायला मागं राहिली. ती मागं राहिली ती राहिलीच. लग्न तिथंच केलं, विधवाही तिथंच झाली.

देओलिंडा अमेरिकेत फॉल रिव्हर गावच्या पडद्यांच्या कारखान्यात लागली आणि पडदे शिवता शिवता पिकली. एव्हारिस्तो गाईंच्या गोठ्यावर होता. दोघांनी मिळून गावाबाहेर हे घर घेतलं. मागं परसू, परसात द्राक्षाचा मांडव, आणि गड्डा न धरणारी, नुसत्या रुंद पानांची बेटाकडची कोबी. एव्हारिस्तो गेला तेव्हा लेक नताल्या बोस्टनकडे संसाराला लागलेली. देओलिंडा एकटी उरली, आणि दर रविवारी फोनवर हर्मिनियाशी भांडू लागली.

"ये की गं इकडं," हर्मिनिया म्हणायची. "दोन खोल्या रिकाम्या पडल्यात. तिथं एकटी काय भिंती पुसतीस?"

"आन् तिथं येऊन काय करू? तुझ्या भिंती पुसू?"

"माझ्या लई घान हायत. तुला पुरतील मरंस्तोवर."

एका रविवारी देओलिंडानं भांडण केलं नाही. नुसतं म्हणाली, "येते." फोनच्या त्या टोकाला हर्मिनियानं तिला ते दोनदा म्हणायला लावलं.

घराला गिऱ्हाईकही पटकन मिळालं. शेजारच्या न्यू बेडफर्डची एक जोडी, मूळ केप व्हर्दी बेटांवरची, पोर्तुगीज बोलणारी. बायको झुलायका, नर्स, सातवा महिना लागलेला. ती घर बघायला आली ती भिंती बघेना, मांडवाखाली जाऊन उभी राहिली आणि तिथून हलेना. "दोना देओलिंडा, ही द्राक्षं इथंच राहणार ना?" "न्हाई, बॅगेत भरून नेनार," देओलिंडा म्हणाली, आणि सौदा तिथंच ठरला. बँकेनं त्यांना जुलैअखेरपर्यंत कर्जाचा शब्द दिला होता. ती मुदत टळली की त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि तोवर बाळ भाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर जन्मणार.

आडकाठी एकच. गावाबाहेरच्या घरांना गटाराची लाइन नाही. घराचं सगळं सांडपाणी आणि संडास परसातल्या पुरलेल्या टाकीत जातं. टाकीतून वरचं पाणी एका वाटप-पेटीत, पेटीतून चरांमध्ये, आणि चरांतून जमिनीत मुरतं. घर विकायचं तर ही सगळी व्यवस्था सरकारमान्य तपासनीसाला दाखवायची. तो पास म्हणाला तर विक्री, नाहीतर खोळंबा.

हे ऐकल्यावर देओलिंडानं जे केलं, ते फक्त तीच करू शकली असती.

तपासनीस येणार त्याच्या आदल्या दिवशी तिनं मैला उपसणारी गाडी बोलावली. गाडीवाल्याच्या डोक्यावर उभी राहून टाकी खरवडून घेतली, भिंती नळीच्या पाण्यानं धुऊन घेतल्या, ते पाणीसुद्धा वर ओढून घेतलं. गाडी गेल्यावर वाकून आत वास घेतला, आणि समाधानानं झाकणाच्या कडेला दोन कुंड्या आणून ठेवल्या.

सेराफिम कुंपणावरून बघत होता. सेराफिम म्हणजे एव्हारिस्तोचा चुलतभाऊ, नताल्याचा धर्मबाप, म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणायचा आणि ती त्याला कोम्पाद्रे. रंडका, जिभेचा तिखट, राहायला पलीकडच्या गल्लीत पण दिवसभर हिच्याच कुंपणावर.

"कोमाद्रे, आत एक पडदाबी लाव की," तो म्हणाला. "आन् मधोमध एक खुर्ची."

"घरातली घान परक्या मानसाला दाखवू व्हय? माझी काय अब्रू हाय का न्हाई?"

"तो घान बघायलाच येनार हाय, बाई. त्याचा धंदाच त्यो."

"त्याचा असंल. माझा न्हाई."

दुसऱ्या दिवशी तपासनीस आला. वॉरेन ट्रिप नाव त्याचं. जुन्या यांकी घराण्यातला, उंच, कोरडा, एक वाक्य बोललं की दुसऱ्या वाक्याचा खर्च वाचवणारा. त्यानं कुंड्या बाजूला केल्या, झाकण उचललं, आत बॅटरी मारली. बराच वेळ वाकून राहिला. मग सरळ झाला आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"मिसेस दुत्रा, हे काय आहे?"

"टाकी," देओलिंडा म्हणाली.

"ते दिसतंय. यात काही नाही."

"काल साफ केली," ती अभिमानानं म्हणाली. "तुमच्यासाठी."

ट्रिपनं हळूच झाकण खाली ठेवलं. "बाई, माणूस पोटदुखीसाठी डॉक्टरकडे जातो तेव्हा पोट घरी ठेवून जातो का? मला पाण्याची पातळी बघायची असते. पाणी तुंबतं की मुरतं, त्यावरून चर जिवंत आहेत की मेलेत ते कळतं. रिकामी टाकी म्हणजे मुका साक्षीदार."

कुंपणावर सेराफिम इतका हसला की त्याला खोकला लागला.

"मग आता?" देओलिंडाचा चेहरा उतरला.

"आता टाकी भरू द्या. आणि नुसती भरून चालणार नाही. मला विचारावं लागतं, गेल्या दोन आठवड्यांत घरात नेहमीसारखा वापर होता का. घर नांदतं असलं पाहिजे. किती माणसं राहता?"

"मी."

"पाणी किती वापरता?"

तिनं सांगितलं. अंघोळ बादलीतून, मगानं. भांडी टबात, आणि टबातलं पाणी कोबीला. कपडे आठवड्यातून एकदा, आणि तेही थोडेच. तिच्या बेटावर पावसाचं पाणी हौदात साठवून वर्षभर पुरवायचं असायचं. तोंड धुतलेल्या पाण्यात पाय धुवायचे आणि पाय धुतलेलं पाणी झाडाला, हे तिच्या हाडात होतं. कारखान्यातल्या बायका नळ सोडून गप्पा मारायच्या तेव्हा ही मधे घुसून नळ बंद करायची.

ट्रिपनं मनातल्या मनात हिशोब केला. "असंच चाललं तर टाकी भरेपर्यंत बर्फ पडेल."

"पाइप सोडू की," सेराफिम ओरडला. "एक रातीत भरंल!"

"तोही प्रश्न आहे," ट्रिप त्याच्याकडे न बघता म्हणाला. "अलीकडे मुद्दाम जास्तीचं पाणी सोडलं का, असा. त्याचं उत्तरही तुम्हालाच द्यावं लागेल, मिसेस दुत्रा."

तो गेला. सेराफिमनं लगेच नळाचा पाइप उचलला. "त्याला काय म्हाईत पडतंय? न्हाई सोडलं म्हनायचं."

देओलिंडाला खोटं बोलायचं वावडं होतं असं कुणी समजू नये. विमानतळावर कस्टमच्या माणसासमोर सामानात चीज भरलेलं असताना ती देवमाणसासारखा चेहरा करून उभी राहिली होती. पण ती वेगळी गोष्ट. चीज कुणाच्या न्हाणीघरात तुंबत नाही.

"पाइप ठेव खाली," ती म्हणाली. "उद्या चर बुजलेलं निघालं तर? त्या पोरीच्या काखेत बाळ असंल आन् पायाखाली समदं वर येत असंल. मला शिव्या घालंल ती. आन् पोर्तुगीजमदी घालंल, मला समजतील."

"मग काय करनार?"

"घर नांदवायचं."

तिनं नताल्याला फोन लावला. नताल्याचा घर विकायला विरोध होता. आई बेटावर गेली तर आजारपणात कोण बघणार, हा तिचा मुद्दा, आणि तो तिनं पन्नासदा मांडून झालेला. त्यामुळे मायलेकींत थोडा अबोला होता.

"पोरींना सुट्टी लागली न्हवं?" देओलिंडानं विचारलं. "या इकडं राहायला. तूबी. नवऱ्यालाबी आन."

"का? काय झालं? बरं नाही का तुला?"

"मला काय धाड भरलीया? टाकी भरायची हाय."

सगळं ऐकल्यावर नताल्या एवढी हसली की अबोला आपोआप संपला. "म्हणजे आई, आम्ही तुझ्याकडे येऊन फक्त संडासाला जायचं?"

"अंघोळीबी करायच्या."

ते आले. नताल्या, तिचा नवरा ब्रायन, दोन वयात आलेल्या मुली. आणि सेराफिमही आपली पिशवी घेऊन तळघरात मुक्कामाला आला, कारण, तो म्हणाला, अशा कामात आपला वाटा असायलाच हवा. घर एकदम भरून गेलं. देओलिंडानं कोबीचं सूप मोठ्या पातेल्यात चढवलं, लिंग्विसा सॉसेजचे तुकडे टाकले, मासे तळले. भांडी टबात घालायला गेली आणि नताल्यानं हात धरला.

"नळाखाली, आई. नेहमीसारखी. लोक नळाखाली घासतात."

"सगळं पानी वाया..."

"वाया नाही. टाकीत."

आयुष्यभर "बंद करा तो नळ" ओरडलेली ही बाई आता न्हाणीघराच्या दाराशी उभी राहून धाकट्या नातीला म्हणायची, "झालं एवढ्यात? केस न्हाई धुतले? परत जा." मुलींना वाटलं आजी वेडी झाली, पण असलं वेड त्यांना मानवलं. थोरली तर इतका वेळ शॉवरखाली राहायची की सेराफिम तळघरातून छताला काठी मारायचा. "पोरगी बुडाली का बघा रं कुनीतरी!"

नळ सोडल्यावर अजून देओलिंडाचा हात तो बंद करायला जायचा. पण दोनचार दिवसांनी तिला समजलं की तिनं भांडी घासताना गुणगुणायला सुरुवात केली आहे. नांदतं घर आतून कसा आवाज करतं ते ती विसरली होती. दारं आपटणं, कुणीतरी कुणाला तरी हाका मारणं, पाइपातून पाणी खाली धावणं.

असाच एक आठवडा उलटला आणि सेराफिम परसातून आला तो चेहरा पाडून.

"कोमाद्रे, जरा भायेर ये."

कोबीच्या वाफ्याच्या टोकाला जमीन ओली होती. पाऊस नव्हता. गवत तिथं भलतंच हिरवं आणि पाय ठेवला की पचकन दबत होतं. वास होता. जास्त नाही, पण देओलिंडाच्या नाकाला पुरेसा.

"चर गेलं," सेराफिम म्हणाला. "मी सांगतो. नवे चर घालायचे म्हंजे सगळं परसू उकरायचं. उन्हाळा संपंल. ती पोरगी दुसरं घर बघंल."

देओलिंडानं पुन्हा पाय दाबून बघितला, तसा सेराफिम जवळ सरकला.

"ऐक माझं. ट्रिप यायला अजून आठवडा हाय. पोरींना सांग, आता बास. नळ बंद. टाकीत आता पातळी हाय, ती बघंल तो. ही जागा तोवर वाळून जाईल. एक हप्ता कोरडं ऱ्हायलं की काय दिसनार न्हाई."

तो शहाणपणाचा सल्ला होता, त्यामुळेच तिला राग आला. पाणी कसं वाचवायचं हे तिच्याइतकं कुणाला येत नव्हतं. एक आठवडा काढणं म्हणजे तिला डाव्या हाताचा खेळ. सहा माणसांचं पाणी एका बादलीत बसवून दाखवलं असतं तिनं.

तेवढ्यात समोर गाडी थांबली. झुलायका उतरली, पोट पुढं करून, हातात माप घ्यायची फीत. बाळाचा पाळणा कुठल्या खोलीत बसेल ते बघायला आली होती. "त्रास नाही ना दोना देओलिंडा? दोन मिनिटांत जाते." ती आत गेली आणि मुलींच्या गराड्यात अडकली. वरून हसण्याचा आवाज येऊ लागला. कुणीतरी फीत जमिनीवर पसरून बाळ केवढं असतं यावर वाद घालत होतं.

देओलिंडा ओल्या जागेवर उभी राहिली. सेराफिम वाट बघत होता. मग ती आत गेली, वरच्या मजल्यावर चढली, झुलायकाला तसंच मापं घेऊ दिली, आणि सगळ्यांच्या पलंगांवरच्या चादरी ओढून काढल्या. उशांचे अभ्रे, टॉवेल, टेबलाचं कापड. सगळं मशीनमध्ये कोंबलं आणि सुरू केलं.

"एवढ्यात कशाला? कालच धुतल्या," नताल्या म्हणाली.

"धुवायच्या हायत."

संध्याकाळी मायलेकी मांडवाखाली चादरी वाळत घालत होत्या. नताल्यानं चिमटा दातांत धरला आणि काढला.

"आई, बघ ना घर कसं झालंय. मुली म्हणतात आजीकडेच राहू. कशाला जातेस? तपासणी नापास झाली तर होऊ दे. विकायचंच नाही असं समज."

देओलिंडानं चादरीचं टोक ताणलं. "तुम्ही टाकी भरायला आलाय. भरली की जाल."

"आई!"

"खोटं हाय का? शाळा उघडंल, ब्रायनचं काम हाय. मग मी आन् माझी बादली. मला काय त्याचा राग न्हाई, नताल्या. पण हर्मिनिया जाग्यावर बसून कितीक वर्षं माझी वाट बघतीया. तिच्याकडं दोन खोल्या रिकाम्या हायत. दोघी म्हाताऱ्या भांडू, ते बरं. तू मला सांभाळत बसलीस तर तुझं भांडनबी बंद व्हईल, तू नुसती चांगली वागशील. त्ये मला सोसायचं न्हाई."

नताल्या हसली, पण नाक चोळत. मग म्हणाली, "आणि नापास झालो तर?"

"तर त्या पोरीला तोंडानं सांगीन. लपवून न्हाई."

त्या आठवड्यात घरातला नळ एकदाही जपून वापरला गेला नाही. ओली जागा वाढली नाही, पण वाळलीही नाही. देओलिंडा रोज सकाळी तिथं जाऊन पाय दाबून बघायची, आणि रोज तेच पचकन.

ट्रिप आला. या वेळी टाकीजवळ कुंड्या नव्हत्या. झाकण उचलल्यावर जो वास आला त्यानं देओलिंडाला भुईत जावंसं वाटलं, पण ती हलली नाही. ट्रिपनं बॅटरी मारली, काठी बुडवली, मान डोलावली.

"किती माणसं होती?"

"पाच आन् एक म्हातारा."

"म्हाताऱ्याला अर्धाच धरा," ब्रायन म्हणाला. सेराफिमनं त्याला पोर्तुगीजमध्ये काहीतरी म्हटलं, ते इथं सांगण्यासारखं नाही.

"पातळी बरोबर आहे," ट्रिप म्हणाला. "बाहेर जायच्या नळीपर्यंत, वर नाही. तुंबलेलं नाही."

देओलिंडानं श्वास सोडला. मग स्वतःच त्याला कोबीच्या वाफ्याकडे घेऊन गेली. सेराफिम मागून तिची बाही ओढत होता. तिनं झटकून टाकली. "हितं ओल हाय," ती म्हणाली. "आठवडा झाला. बघा."

ट्रिपनं तिच्याकडे एकदा बघितलं. लोक ओली जागा दाखवत नाहीत. तिच्यावर भुसा टाकतात, नाहीतर गाडी लावतात. त्यानं फावडं आणलं आणि खणायला लागला. कोबीचे दोन गड्डे नव्हे, पानांचे दोन उंच दांडे मुळासकट बाजूला पडले. खाली काँक्रीटची चौकोनी वाटप-पेटी लागली. तिचा एक कोपरा तडकून खचला होता आणि पाणी चरांकडे जायचं सोडून तिथूनच बाहेर झिरपत होतं. ट्रिपनं मग पुढं जाऊन चरांच्या टोकाला दोन ठिकाणी भोकं पाडली. हाताला आलेली माती चुरगळली आणि खाली टाकली.

"कोरडी," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"म्हणजे चर ठणठणीत आहेत. पेटी फुटलीये, बस. पेटी बदला, आरोग्य खात्याच्या माणसाला उघडी असताना दाखवा, आणि पास." तो थांबला. दुसरं वाक्य खर्च करावं का याचा विचार करत असावा. "तुम्ही पाणी बंद केलं असतं तर ही जागा वाळली असती. मला दिसली नसती. मग त्या फटीतून माती आत जात राहिली असती आणि पुढच्या वर्षी सगळे चर गाळानं बुजले असते."

"ऐकलंस?" देओलिंडा सेराफिमला म्हणाली.

"मी कुठं काय म्हनलो?" सेराफिम म्हणाला.

पेटी बदलायला खोदकामवाला आला. कोबीच्या वाफ्याची माती झाली. देओलिंडानं उपटलेली कोबी गल्लीभर वाटली आणि उरलेल्याचं सूप करून खोदकामवाल्यालाच पाजलं. आरोग्य खात्याची बाई आली, उघड्या पेटीत डोकावली, सही करून गेली. बँकेची मुदत टळायच्या आत झुलायकाच्या नवऱ्यानं कागदांवर सह्या केल्या, आणि झुलायका, जिला आता उभं राहणंही जड जात होतं, खुर्ची घेऊन मांडवाखाली बसली. देओलिंडानं तिला टाकी कुठं, पेटी कुठं, चर कुठून कुठवर, हे पावलं टाकून दाखवलं. तेल मोरीत ओतायचं नाही. ओले फडके संडासात टाकायचे नाहीत. "आन् लाजून कधी साफ करून घिऊ नको," ती म्हणाली. "भरली म्हंजे भरू दे."

नताल्यानं तिकीट काढून दिलं, परतीचं नव्हे पण तारीख बदलता येईल असं. "मुली ख्रिसमसला येणार तिकडे," ती म्हणाली. "तिथं पाणी आहे ना अंघोळीला?"

"इचारते."

रविवारी तिनं हर्मिनियाला फोन लावला. घर पास झालं, विकलं, अमुक दिवशी विमान, हे सगळं सांगितलं. हर्मिनियानं देवाचं नाव घेतलं आणि ताबडतोब तक्रार केली की आता दोन खोल्या आवरायला लागतील.

"ते असू दे. तुझी टाकी कुठं हाय?" देओलिंडानं विचारलं.

"कसली टाकी?"

"संडासाची."

 "असंल की कुठंतरी. बानं खनली हुती. मला काय म्हाईत?"

"कधी उघडली न्हाई?"

"कशाला उघडू? चांगली चाललीया. डुकरांच्या गोठ्याखाली असावी, न्हाईतर लिंबाच्या बुडाला. लिंबू लई धरतंय यंदा."

"लिंबाच्या बुडालाच असनार," देओलिंडा म्हणाली. ती खिडकीशी उभी होती. बाहेर सेराफिम नव्या मातीवर गवताचं बी फेकत होता आणि पाखरांना शिव्या देत होता. "हात लावू नको कशाला. मी आले की दोघी मिळून हुडकू."